धुराची सवय

अक्षर वेडेवाकडे आहे, ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटले. चुकेल तिथे माफी असावी. घडले ते मात्र खरे लिहिते.

पिंपरीला कंपनीच्या चाळीत आमची खोली. मागच्या भिंतीला एकच खिडकी, खाली चूल. पलीकडे साहेबांचे बंगले. एकदा एका साहेबाची बाई गवंड्याला घेऊन आली. नाकाला रुमाल. माझे हात पिठात.

"सगळा धूर माझ्या दिवाणखान्यात येतो. बुजवा ही."

गवंडी म्हणाला, "बाईसाहेब, आत माणसं गुदमरतील."

"यांना धुराची सवय असते."

मी समोर उभी होते. माझ्याकडे पाहिलेही नाही. मी मान खाली घातली. वर गवंड्याला पाणी दिले. आठवड्यात सगळ्या ओळीच्या खिडक्या बुजल्या.

पावसाळ्यात सासूबाईंना धाप लागू लागली. गावी कुरुळीला चूल परसात होती. दिवसभर खुरपायच्या, कधी खोकल्या नाहीत. दवाखान्यात नेले. डॉक्टर वर न बघता म्हणाले, "दमा. तुमच्या घराण्याच्या रक्तातच असेल."

थंडीत मलाही तीच धाप लागली. भाकरी थापता थापता हात थांबला. मी तळेगावची, परक्या घरची. सासूबाईंचे रक्त माझ्यात कुठून येणार? आमच्या दोघींत सारखा होता तो फक्त धूर. ओळीतल्या बायकाही खोकत होत्या. त्या सगळ्या काय एकाच घराण्याच्या?

सासूबाई म्हणाल्या, "बघती काय नुसती? काढ की त्या इटा."

"यांची नोकरी जाईल, आत्याबाई."

"आन् माजा जीव चाललाय, त्यो?"

भर दुपारी पहार घातली. आवाज ऐकून बाई धावत आली.

"कोणाला विचारून पाडलीस?"

पहार हातातच धरून मी बोलले, "बाई, आम्हाला सवय झाली नाही."

यांची नोकरी राहिली. पण भिंतीची नुकसानी म्हणून दर पगारातून पैसे कापू लागले. सासूबाईंची धाप कमी झाली, गेली नाही. छातीत बसले ते बसले.

पलीकडे नव्या चाळीचा पाया आखला आहे. नकाशात मागे खिडकी नाही, असे हे सांगतात. उद्या आम्ही ओळीतल्या बायका ऑफिसात जाणार. भिंत उठायच्या आधी. बोलणार मी.

आज शेवटचा हप्ता कापला. भिंतीचे सगळे पैसे फिटले. खिडकी उघडी आहे.