मामाजींची अमेरिकन कंपनी

माझं लग्न एका अमेरिकन मोटार कंपनीनं जमवलं. ती कंपनी तोवर कधीच मातीत गेली होती, पण हे मुलाकडच्यांना ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. त्यामुळे बोलणी सुरळीत पार पडली.

मी तुमसरची. वडील राईस मिलमध्ये मिस्त्री होते. दिघोरीकडची मंडळी मला पाहायला आली तेव्हा नवरामुलगा मान खाली घालून बसला होता, त्याचे काका भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, आणि मुलाचे वडील पोह्यांची प्लेट रिकामी व्हायच्या आत अमेरिकेत पोहोचले होते. हेच पुढे माझे सासरे झाले. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

"तिकडले दोघं भाऊ," ते सांगत होते. "बाप चाकं बनवे. आपल्याकडे वाढई बंडीची चाकं बनवते ना, तसाच. बाप मेला. थोरला म्हणे, आता चाकाईले बैल नाही पाहिजे अन् घोडाही नाही पाहिजे. लोकं हासले. अन् मंग काय!"

मग काय, ते असं. भावांनी तबेल्यात पहिली गाडी बनवली. ती पुढे जायची, मागे यायची नाही, त्यामुळे पहिल्या गिऱ्हाइकाला घर गाठायला अख्ख्या गावाला वळसा घालावा लागला. दुसरी गाडी मागेही यायची. तिसरी त्यांनी टेकडीवर चढवून दाखवली. आत गावचा सावकार बसलेला, त्याच्या हातात दुधानं काठोकाठ भरलेला पेला, आणि वर पोहोचेपर्यंत एक थेंब सांडला नाही. सावकारानं दूध पिऊन टाकलं आणि कारखान्याला पैसा दिला. कारखान्यावर घड्याळाचा मनोरा चढला. भोंगा वाजला की त्या गावच्या बाया चुलीवर भात ठेवायच्या. अमेरिकेत भात कुठून आला, असं मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं. "मंग का उपाशी राहतीन?" मामाजी म्हणाले.

पुढे दोघा भावांत वाजलं. थोरला म्हणायचा, गरिबाला घेता येईल अशी स्वस्त गाडी काढू. धाकटा म्हणायचा, राजेरजवाड्यांनी वळून बघावं अशी काढू. धाकट्याचं चाललं. "अन् मंग त्याईनं हे गाडी बनवली!" असं म्हणून मामाजी हात लांब करायचे, आणि गोष्ट तिथं संपायची. घरी हा हात अंगणातल्या गाडीकडे जायचा. तुमसरात तो आमच्या खिडकीकडे गेला. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची म्हैस उभी होती, पण आम्हा सगळ्यांना गाडीच दिसली.

वडिलांना शेती किती, धान किती होतं, मुलाचं शिक्षण किती, असं बरंच विचारायचं होतं. ते राहूनच गेलं. अमेरिकन गाडीवाले लोक आहेत, एवढ्यावर सोयरीक झाली. गाडी चालते का, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

गाडी चालत नव्हती. ती अंगणात टिनाच्या छपराखाली विटांवर ठेवलेली होती. टायर नव्हते, एक दिवा नव्हता, आणि मागच्या सीटवर कोंबडी बसली होती. मी माप ओलांडून आत आले, देवाच्या पाया पडले, मोठ्यांच्या पाया पडले, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "अवं, गाडीच्या पाया पडाव लागते." पडले. कोंबडी उठली नाही.

गाडी आली कशी, तेही सांगते. मामाजींचे वडील मालगुजाराचे, गावच्या जमीनदाराचे, ड्रायव्हर होते. मालगुजारानं गाडी नागपुरातून, कंपनीच्या एजंटाकडून घेतली होती. मालगुजारी गेली, मालगुजार गाव सोडून निघाला, आणि पेट्रोल पिणारं एवढं मोठं जनावर सोबत कुठं न्यायचं म्हणून तो ती ड्रायव्हरच्या अंगणात सोडून गेला. गोष्टही गाडीसोबतच आली. एजंटानं ती मालगुजाराला सांगितली, मालगुजारानं ड्रायव्हरला, ड्रायव्हरनं पोराला. मामाजींनी ती बाकी सगळ्या तालुक्याला सांगितली.

मला त्या गाडीचा राग होता, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ती नेमकी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होती. भर दुपारी मला दिवा लावून भाकरी थापाव्या लागायच्या. धान वाळवायला अंगण पुरायचं नाही. दसऱ्याला ती धुवायची मी, हार घालायचे मामाजी. आणि पाहुणा कोणीही येवो, बियाण्याचा दुकानदार येवो की पोलिओवाल्या बाई, त्याला छपरीत बसवून ती गोष्ट व्हायचीच. छपरी म्हणजे आमच्याकडची ओसरी. तिला लागून माझं स्वयंपाकघर, मध्ये फक्त पडद्याचं दार. त्यामुळे दुधाचा पेला टेकडीवर कधी पोहोचतो त्या अंदाजानं मी चहात साखर टाकायची.

काही वर्षांपूर्वी माझ्या पोरीनं मला मोबाइल शिकवला. एका दुपारी मी गाडीच्या बॉनेटवरची पट्टी राखेनं घासली, त्यावरची अक्षरं मोबाइलमध्ये टाकली, आणि कंपनीचं पुढे काय झालं ते वाचून काढलं. न कळलेलं पोरीकडून समजून घेतलं.

थोरला भाऊ भांडून निघून गेला होता. धाकटा आणखी मोठ्या, आणखी जड गाड्या काढत राहिला. मग तिकडे वाईट दिवस आले. माणसं पावाच्या तुकड्यासाठी रांगेत उभी राहू लागली, तिथं राजेशाही गाडी कोण घेणार? तयार गाड्या कारखान्याच्या आवारात पावसात भिजत राहिल्या. मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली द्यायला माणूस उरला नाही. शेवटच्या काही गाड्या आग विझवणाऱ्यांनी घेतल्या आणि त्यांना लाल रंग दिला. कंपनी बुडाली. शेवटी थोरला स्वतः दुसऱ्याच कंपनीच्या एका स्वस्त गाडीत बसून आला आणि धाकट्याला बापाच्या जुन्या चाकांच्या दुकानात घेऊन गेला. दुधाच्या पेल्याचा उल्लेख कुठंच नव्हता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आमच्या घरची गोष्ट मध्येच का तुटते. ती गोष्ट एजंटाची होती. त्याला गाडी विकायची होती, आणि जी गाडी विकायची तिथंच त्याची गोष्ट थांबली. त्यापुढचं त्याला ठाऊक नसेल किंवा घडायचं असेल. त्याचं ते विकायचं बोलणं आम्ही दोन पिढ्या देवाच्या पोथीसारखं सांभाळलं होतं, आणि त्या बोलण्यावर एक सूनही घरात आणली होती.

मामाजींना मी हे सांगितलं नाही. दया आली म्हणून नाही. एखाद्या मोठ्या भांडणात कामी येईल म्हणून मी ते वाक्य राखून ठेवलं. 'तुमची कंपनी बुडाली, मामाजी', बस, एवढंच. मनात मी ते कितीदा तरी बोलून पाहिलं होतं.

ते भांडण झालंच नाही. मधल्या काळात मामाजी विसरू लागले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते कधी कधी स्वतःचा भाऊ समजायचे. धानाच्या बांधीत पाणी सोडायला म्हणून निघायचे आणि शाळेजवळ उभे राहायचे, कोणीतरी हात धरून घरी आणायचं. पण गोष्ट शाबूत होती. "तिकडले दोघं भाऊ" असं म्हटलं की कणा ताठ व्हायचा, आवाज मोकळा व्हायचा. तेवढा वेळ आमचे मामाजी आम्हाला परत मिळायचे. म्हणून आता मीच पाहुण्यांना सांगू लागले, बसा, गोष्ट ऐका. लोकांना वाटायचं, सून किती प्रेमळ आहे.

मग गोष्टीलाही भोकं पडू लागली. एके दिवशी सावकार सुटला. पुढच्या खेपेला भोंगा वाजला नाही. ते मध्येच थांबायचे, हाताकडे बघायचे, आणि उठून आत जायचे. त्या दिवशी जेवायचे नाहीत. मला भीती वाटायला लागली. ही गोष्ट गेली की मागं काय उरणार, हे मला दिसत होतं.

त्यातच पोरीला पाहायला पाहुणे यायचे ठरले. पोरगी भंडाऱ्याला नर्स आहे. मुलगा जवाहरनगरचा, फॅक्टरीत नोकरीला. आमचे हे म्हणाले, "बाबाले थोडा वेळ काकाच्या घरी बसवू. उगाच हासं होईन." पोरगी पोह्यांसाठी सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "आबाजी गोष्ट सांगतीन तं मी बाहेर येईन. नाही तं तुमचे पोहे तुम्हीच वाढा." ती बापावर गेलेली नाही.

पाहुणे आले. मामाजींना धुतलेलं धोतर नेसवून, टोपी घालून छपरीत बसवलं होतं. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा समोर बसले. पाणी झालं, प्रवासाची चौकशी झाली. पोरगी ट्रे धरून स्वयंपाकघरात उभी. मी पडद्यामागं.

"तिकडले दोघं भाऊ," मामाजींनी सुरू केलं. "बाप..."

बाप तिथंच राहिला. मुलाच्या आईनं पदर सारखा केला. आमचे हे खाकरले. पोरगी माझ्याकडे बघत होती.

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटकं होतात. तरुणपणी मामाजी त्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. पुस्तक धरून पडद्याआड उभं राहायचं आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच द्यायचा. त्यांचा एक नियम ते नेहमी सांगत. नटानं मागं बघायचं नाही. मागं पाह्यलं का नाटक मेलं.

"चाकं बनवे," मी पडद्याआडून म्हटलं.

"चाकं बनवे!" मामाजी म्हणाले. त्यांनी मागं पाहिलं नाही.

मग आम्ही दोघं निघालो. तबेला मी दिला, गाडी त्यांनी बनवली. टेकडी मी दिली, पेला त्यांच्याच हातात आला. पाहुण्यांना माझा आवाज ऐकू जात होताच, पण माणसं सभ्य होती, ती मामाजींच्या तोंडाकडेच बघत राहिली. मी भोंगा वाजवला तशी त्यांनी चुलीवर भात चढवला. भाऊ भांडले, धाकट्याचं चाललं, "अन् मंग त्याईनं हे गाडी बनवली!" हात अंगणाकडे गेला. पार पडलं. मी पोरीला खूण केली, जा.

तेवढ्यात मुलानं विचारलं, "मंग बाबाजी, आता कुठी हाय ते कंपनी?"

पोरानं खवचटपणानं विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, माझ्या वडिलांनीसुद्धा नाही.

मामाजींचा हात खाली आला. मग त्यांनी मान वळवून मागं पाहिलं, सरळ पडद्याकडे. हरवलेलं लेकरू बघतं तसं बघत होते. चालू हाय, म्हणता आलं असतं. मुलाच्या खिशात मोबाइल होता, संध्याकाळपर्यंत खोटं उघडं पडलं असतं, आणि खोटे ठरले असते ते मामाजी. आणि खरं ते एवढंसं वाक्य, इतकी वर्षं धार लावून ठेवलेलं, माझ्या तोंडातून निघेना.

"थोरला भाऊ रुसून गेला," मी म्हटलं.

मामाजी पाहुण्यांकडे वळले. "थोरला भाऊ रुसून गेला! अन् मंग काय!"

मी एकेक देत गेले, ते उचलत गेले. वाईट दिवस आले. गाड्या पावसात भिजल्या. "धान भिजते तशा," मामाजी म्हणाले, हे मी दिलं नव्हतं. घड्याळ बंद पडलं. आग विझवणाऱ्यांनी गाड्या घेतल्या. "अन् लाल रंग देल्ला, बापा! राजाची गाडी, लाल रंग!" कंपनी बुडाली, असं मी अगदी हळू म्हटलं. ते त्यांनी सगळ्यात मोठ्यानं म्हटलं. थोरला स्वस्त गाडीत बसून आला, मी म्हटलं, आणि माझ्याकडचं संपलं. त्यांचं संपलं नव्हतं.

"आला अन् उभा राह्यला," मामाजी म्हणाले. "धाकट्याले म्हणे, चाल बाबू घरी. जेवण निवून राह्यलं."

पोरगी पोहे घेऊन बाहेर गेली. मी डोळे पुसले आणि चहा ठेवला. मुलाच्या वडिलांनी शेती किती ते विचारलंच नाही. आता साक्षगंधाची, साखरपुड्याची, तारीख काढायची आहे.

पाहुणे गेल्यावर मी छपरीत कपबशा गोळा करत होते. मामाजी जागेवरच बसले होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "ते शेवटलं, थोरला न्यायले येते ते. ते मले ठाऊक नव्हतं. तुले कोण सांगतलं?"

"तुम्हीच सांगतलं, मामाजी."

त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"हो का?" ते म्हणाले. "मंग खरं असन."