चिंच घातलेलं अळू

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी रत्नागिरीकडून थेट देहूरोडला आले. नवरा कारखान्यात भट्टीवर कामाला. मला इथलं काहीच मानवेना. पाणी जड, बोलणं रांगडं. माहेरून आणलेले अळूचे चार कांदे तेवढे मोरीमागच्या सांडपाण्यावर तरारले. ती पानं पाहिली की माझं रडू थांबायचं. यांनी ते बरोबर हेरलं होतं.

मग दिवसाआड अळूची पातळ भाजी. हाताला तेल लावून देठ सोलायचे, चिंचेचा कोळ सढळ हाताने घालायचा. चिंचेने घशाची खाज जाते, आणि खाज गेली की अळूचा दोष गेला, असं लहानपणापासून ऐकलेलं. वाढताना मी विचारायची, "खवखवत नाही ना?"

"नाही गं. वाढ आणखी."

पुढे यांच्या कमरेत कळा सुरू झाल्या. गडी गुरासारखा लोळायचा. शेजारची म्हातारी म्हणाली, "मुतखडा हाय, पोरी. कुळथाचं पाणी दे." मी दिलं. सोबत अळूही होतंच. एकदा ते एकटेच पुण्याला डॉक्टरकडे जाऊन आले.

"काय म्हणाले?"

"पाणी भरपूर पी म्हणाले."

वर्षभराने पाय सुजले, लघवी अडली. तेव्हा मी बरोबर गेले. जेवणात अळू असतं, पण चिंच घालून, असं मी सांगताच डॉक्टर यांच्यावर उखडलेच. "अळू, पालक, चुका बंद करा म्हणून बजावलं होतं ना? चिंचेने खाज जाते हो, खडे करणारं तसंच राहतं! आता मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुझं इथे तेवढं एकच रुजलं होतं गं."

अंगाची लाही लाही झाली माझ्या. असली माया चुलीत घाला! अळू उपटलं असतं तर चार दिवस रडले असते आणि लागले असते कामाला. आता कुठवर रडू?

ते महिन्याभरात गेले. मी कांदे खणून फेकले, वर उकळतं आधण ओतलं. तरी काही दिवसांनी कोंब आले, पानं मोठी झाली. एके दुपारी मी ती कापली, चिंच न घालता शिजवली आणि एकटीच जेवायला बसले. घशात आग उठली, डोळे वाहायला लागले. तरी ते संपवायचे तसं मी ताट संपवलं.