कुणी न गाठलेला शेवट

आमचे हे वारल्यानंतर मी शाळेतून आले की पुस्तकात तोंड खुपसून बसायची. ते पाहून भाचीनं मला कामाला लावलं. ती यवतमाळला कॉम्प्युटर शिकते आणि सुट्टीत बोरी अरबला, माझ्या नणंदेच्या घरी, गेम बनवते. त्यात ठोकाठोकी नसते. पडद्यावर चित्र, खाली गोष्ट, मध्येच प्रश्न. जे उत्तर दाबाल तिकडे गोष्ट वळते.

"मामी, चित्रं माझी, शेवट तुझे. पाच पाहिजेत."

"एका गोष्टीला पाच?"

"मराठी शिकवतं नं तू? मग कंजूसी कायले करून राह्यली?"

गोष्ट साधी. भाऊ दारव्ह्याहून पांढरकवड्याला निघालाय, वाटेत बहिणीकडे टेकतो. खेळणारा म्हणजे ती बहीण. चार शेवट मी हसत लिहिले. एकात जीप सुटते आणि भाऊ मुक्कामाला राहतो, एकात तो बहिणीच्या सासऱ्याशी पत्त्यांत हरून रुसतो. पाचवा मात्र सावकाश लिहिला. त्यात भाऊ दारातूनच घाईनं निघतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो. हेही बहिणीच्या दारातून तसेच गेले होते. त्यानंतर ताईंशी, म्हणजे नणंदेशी, मी भाजीपाल्याचं बोलायची, पावसापाण्याचं बोलायची. यांच्याबद्दल एक शब्द निघत नव्हता. तोंडानं जमत नाही, तर ताईंनी निदान वाचावं, एवढंच मनात होतं.

त्या शेवटाची वाट मी पहिल्याच प्रश्नात ठेवली: ‘चहा मांडायचा’ की ‘राहू द्यायचा’?

ताई खेळायला बसल्या. चहा मांडला. भाऊ मुक्कामाला राहिला, ताई खूश. पुन्हा बसल्या, पुन्हा चहा. शेजारणी आल्या, त्यांनीही चहाच मांडला. एकीनं तर अद्रक कुठून टाकायचं ते विचारलं.

"आई, एकदा तरी ‘राहू द्यायचा’ दाब नं!"

"काहून? घरी आलेल्या माणसाले कोरडंच पाठवू?"

"अवं, खेळ हाय तो. त्याची जीप सुटून राह्यली."

"भरल्याबिगर हालते का जीप? बसू दे त्याले."

भाचीनं मला बाजूला घेतलं. "मामी, अख्खं गाव खेळलं तरी तुझ्या शेवटापर्यंत कोणी पोचत नाही. वाट बदल."

इतकी वर्षं याच गावांत काढून मी असा प्रश्न घातलाच कसा, देव जाणे. वाट बदलली. आता चहा घेऊनही भाऊ जाणार होता, म्हणून सगळं पुन्हा लिहायला बसले. तो चहा बशीत ओततो, फुंकर घालतो, साखरेवरून कुरकुरतो, भाचीच्या परीक्षेची चौकशी करतो, मग चप्पल शोधतो. चप्पल काही केल्या सापडेना. शेवटी भाचीच म्हणाली, "मामी, जाऊ दे आता त्याले."

ताईंनी ओठ हलवत तो शेवट वाचला. फोनच्या ओळीशी थांबल्या. पदरानं चष्मा पुसला.

"बशीत ओतून पेत नव्हता तो," त्या म्हणाल्या. "कपानंच पेत जाय अन् तोंड भाजून घेत जाय."

"बशीची सवय मी लावली, ताई. लग्नानंतर."

"तू होय! मी म्हनो, इतका शहाना कसा झाला हा!"

मग लहानपणी तो काय काय खाऊन तोंड भाजून घ्यायचा, ते त्या सांगू लागल्या. लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला. भाचीनंही त्याला हात लावला नाही.