बाबांनी सोडलेली टाकी

दुधाचा धंदा आमच्या घरात आजोबांनी आणला, तोही सायकलवरून. गव्हाण गावच्या म्हशींचं दूध किटल्यांत भरून ते पनवेलच्या हॉटेलांना घालायचे. वडिलांनी टेम्पो घेतला, मग टँकर. आता भाऊ धंदा बघतो. घाटावरून दूध उचलायचं, मुंबईच्या डेअरीत पोचवायचं. मी ऑफिस सांभाळते, म्हणजे ड्रायव्हरांचे फोन आणि भावाचा राग.

टँकर धुऊन झाला की बाबा स्वतः वर चढायचे, झाकण उघडून टाकीत डोकं घालायचे आणि वास घ्यायचे. त्यांनी "सोड" म्हटल्याशिवाय गाडी घाटाकडे निघायची नाही. तपासणीचं यंत्र आणू, असं भाऊ एकदा बोलून बसला, तर बाबांनी त्याच्याशी अबोला धरला. नाकाने कांदे सोलणारा माणूस, असं आई चिडवायची. शेजारणींत मात्र त्याच नाकाच्या बढाया मारायची.

मग कोरोनाचा ताप आला. बाबा त्यातून उठले, पुन्हा टँकरवर चढायला लागले, आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे.

आणि एक दिवस डेअरीने आमचा भरलेला टँकर दारातूनच परत पाठवला. दूध नासलं होतं. बाबांनी सोडलेली टाकी घाण असूच शकत नाही, तेव्हा ड्रायव्हरनेच वाटेत कुठेतरी गाडी लावून झोप काढली असणार, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. तो बिचारा आईच्या शपथा घेत होता, कुठेही थांबलो नाही म्हणून. भाऊ ऐकेना. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला.

बाबा कोपऱ्यात चहा घेत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"त्याला काडू नको. टाकीच घान असंल. तापापासून मला वासच येत नाय. सगल्या टाक्या साफच लागतात."

गॅसवर सुकट करपून घरभर धूर झाला होता, तेव्हा हा माणूस शेजारी पेपर वाचत कसा बसला होता, ते आईला आत्ता कळलं. मला रडू आलं आणि भयंकर रागही आला. अहो, सांगायचं ना! एवढे महिने एकट्याने कसलं ओझं वाहत होता? तसं मी विचारलंही.

"नाक गेलं, मंग माजं इथं काय काम?" बाबा म्हणाले.

भावाने ड्रायव्हरची माफी मागितली, चक्क हात जोडून. यंत्राचं नाव मात्र काढलं नाही, एवढी अक्कल त्याला आहे.

दुसऱ्या दिवशी टँकर धुऊन उभा राहिला. बाबा शिडीपाशी गेले, थांबले आणि मला म्हणाले, तू चढ. मी पंजाबी ड्रेस सावरत चढले, टाकीत डोकं घातलं. कोपऱ्यातून बारीकसा आंबूस वास येत होता. तसं वरूनच सांगितलं.

"परत धुवा," बाबांनी हुकूम सोडला, नेहमीच्याच आवाजात. लगेच पाण्याचा पाईप सुरू झाला.

मी खाली उतरले. ते जवळ आले, आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "आंबूस वास कसा असतो, जरा सांग गो. मी इसराया लागलोय."