टायर मी निवडले होते

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत झाली. उंची अकरा हजार फूट. मी हवालदार होतो, एमटीचा, म्हणजे गाड्यांकडचा. माझ्या सेक्शनमध्ये सहा तीन-टनी ट्रक आणि बारा माणसं होती. परभणी जिल्ह्यातले आम्ही दोघेच. मी बोरीचा. दुसरा सिपाही मिलिंद खंदारे, ड्रायव्हर, पालमचा.

काम रोजचं आणि ठरलेलं होतं. पाच वाजता उठायचं. स्टोव्ह लावून इंजिनाखालचं गोठलेलं ऑइल पातळ करायचं. साडेसहाला टायर आणि बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्यांची तपासणी, सातला कॉन्व्हॉय. एक दिवस खिंड ओलांडून पीठ, बटाटे, केरोसिन वर पोचवायचं. दुसऱ्या दिवशी रिकामी पिंपं घेऊन खाली यायचं. बातमी व्हावी असं त्यात काही नव्हतं.

परभणीत बर्फ पडत नाही, म्हणून थोडं सांगावं लागेल. ताजा बर्फ भुसभुशीत असतो. त्यावरून गाड्या गेल्या की तो दबतो, रात्री गोठतो आणि त्याची काच होते. भुसभुशीत बर्फात चालणारा टायर काचेवर चालेलच असं नाही. हे मी आज लिहितो. तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही मला माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात स्टोअरमध्ये दोन प्रकारचे टायर आले. एक क्रॉस-कंट्री, उंच आणि जाड गुट्ट्यांचे, म्हणजे रबराच्या ठोकळ्यांचे. दुसरे ऑल-वेदर, बारीक खाचांचे, दिसायला साधे. दोन्ही एकेका सेक्शनला पुरतील इतके होते. कंपनी कमांडरांनी निवड माझ्यावर सोडली. सेवेनं मी मोठा होतो.

मी क्रॉस-कंट्री निवडले. कारण बोरीचं होतं. आमच्याकडे पावसात काळं रान असं धरतं की जीप जागेवर फिरत राहते आणि उंच गुट्ट्यांचा ट्रॅक्टर निघून जातो. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट मी तपासून पाहिली नाही. चिखल घसरतो, बर्फ घसरतो, एवढाच हिशोब केला.

खंदारेनं हरकत घेतली. सकाळच्या थंडीत दोन्ही टायर शेजारी ठेवून तो अंगठ्याचं नख रबरात दाबत होता.

"उस्ताद, ह्ये बघा. ऑल-वेदरवर वळ उठायलाय. तुमच्यावर नख लागंना. गार पडलं की ह्ये दगड व्हायलंय."

"खंदारे, काळ्या रानात हयात गेली माझ्या बापाची. टायर तू शिकवणार मला?"

"रान तुमचंच हाय, उस्ताद." तो हसला. "रस्ता तेवढा सरकारचा हाय."

सगळे हसले, मीही हसलो. त्या वाक्यात विनोदापेक्षा जास्त काही होतं, हे कळूनही मी न कळल्यासारखं केलं. दुपारपर्यंत सहाही गाड्यांना क्रॉस-कंट्री चढले. ऑल-वेदर दुसऱ्या सेक्शननं नेले.

पहिले काही आठवडे मी बरोबर ठरलो. बर्फ ताजा होता, टायर रुतून पकड घेत होते.

"काय रे पालमकर, नख लागलं का?" मी रोज विचारायचो.

"अजून थंडी कुठं पडली, उस्ताद?"

जानेवारीत पडली. सलग नऊ दिवस सूर्य दिसला नाही.

दहाव्या दिवशी ऊन होतं. आम्ही खाली परतत होतो. ०९५५ ला चेकपोस्टवर साखळ्या काढल्या. तसा नियम होता, कारण पुढचा बराच रस्ता उघडा होता आणि उघड्या डांबरावर साखळ्या तुटतात. खंदारेची गाडी पाचवी होती. त्याच्याबरोबर को-ड्रायव्हर नाईक बलबीर. मी सहाव्या गाडीत, रेडिओ सेट माझ्याकडे. वेग ताशी बारा किलोमीटर. माझ्या गाडीचा काटा मी स्वतः पाहत होतो आणि आमच्यातलं अंतर बदललेलं नव्हतं.

१०४० ला डोंगराच्या सावलीतलं वळण आलं; तिथे बर्फाची काच झालेली होती आणि पुढच्या चार गाड्यांनी ती आणखी गुळगुळीत केली होती. पाचव्या गाडीचा मागचा भाग दरीकडे सरकू लागला. आवाज झाला नाही. ब्रेकचा लाल दिवा लागला नाही, म्हणजे त्यानं ब्रेक दाबला नव्हता. अशा वेळी दाबायचाही नसतो. मागचा भाग ज्या बाजूला सरकत होता त्याच बाजूला त्यानं पुढची चाकं वळवलेली होती; घसरण सावरायची तीच रीत. बलबीरचा दरवाजा उघडला आणि तो रस्त्यावर पडला. गाडी दिसेनाशी झाली. मी सेटवर पहिल्या गाडीला बोलावलं.

"एक, हा सहा. पाच नंबर गेला. ओव्हर."

"कुठं गेला? ओव्हर."

"खाली. ओव्हर."

आम्ही दोराने उतरलो. खंदारे केबिनमध्येच होता. ११२० ला तो वारल्याचं मी सेटवर कळवलं. बलबीरचा खांदा मोडला होता. तो एवढंच सांगत होता, "उसने धक्का दिया. बोला, कूद."

एक चाक वर होतं. मी हातमोजा काढला आणि टायरमध्ये नख दाबलं. वळ उठला नाही.

तीन दिवसांनी प्राथमिक अहवाल आला. त्यात लिहिलं होतं: वळणावर अतिवेग, चालकाची चूक. पुढे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसणार होती. अस्थी घरी पोचवण्याचं काम मला मिळालं.

गंगाखेडला उतरलो त्या दिवशी नामांतरावरून बंद होता. पालमची एसटी सुटली नाही. एका ट्रॅक्टरनं अर्ध्या वाटेवर सोडलं, उरलेलं अंतर चाललो. पालममध्ये एका हॉटेलवर भीमनगरची वाट विचारली. बाकड्यावर बसलेल्या माणसानं माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली.

"चौधरी? कुठले?"

"बोरी."

"मंग तुमाला सांगायला हरकत न्हाई. खंदारेच्या पोरानं गाडी दरीत घातली म्हणं. ह्यांच्या हातात स्टेअरिंग दिल्यावर दुसरं काय व्हणार? नाव बदला म्हणायलेत विद्यापीठाचं. आधी गाडी चालवायला शिका म्हणावं."

दोघंतिघं हसले. मी पिशवी उचलली आणि निघालो. उत्तर दिलं नाही. गणवेशात होतो, चौकशी चालू होती, अशी कारणं तेव्हा मला पुरली.

खंदारेचे वडील किसनराव गवंडीकाम करायचे. त्यांनी अस्थी घेतल्या, आत नेऊन ठेवल्या आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"तुमी मागच्या गाडीत व्हता म्हणं."

"हो, मामा."

"गावात लोक काय बोलायलेत ते तुमच्या कानावर आलंच असंल. माझं लेकरू जोरात चालवत व्हतं का?"

"नाही."

"मंग चूक कोणाची?"

"चौकशी चालू आहे, मामा."

ते पुढे सरकून बसले.

"चौकशीला तोंड न्हाई का? तुमाला तरी हाय ना?"

 परत जाताना माझं ठरलेलं होतं.

कोर्टासमोर माझी साक्ष पंधरा मिनिटांत झाली. वेग बारा होता. ब्रेक दाबला नव्हता. चाकं योग्य दिशेला होती. टायर चुकीचे होते. टायर मी निवडले होते. बसवण्यापूर्वी चालकानं मला सावध केलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

अध्यक्षस्थानी असलेले मेजर दक्षिणेकडचे, सज्जन माणूस. त्यांनी लेखनिकाला थांबायला सांगितलं.

"चौधरी, सोच लो. तुम्हारा नाम नायब सुभेदार की लिस्ट में है. जानेवाला तो चला गया."

"साहेब, त्याचं नाव गेलेलं नाही. ते पालमला आहे."

"टायर की बात साबित कैसे करोगे?"

"त्याच वळणावर. मी गाडी चालवतो."

दोन दिवसांनी परवानगी मिळाली. दोन रिकामे ट्रक, एकाला माझे टायर, दुसऱ्याला दुसऱ्या सेक्शनचे ऑल-वेदर. मागे लोखंडी दोरानं रिकव्हरी गाडीला बांधलेले. साखळ्या नाहीत. वेग बारा. कोर्ट रस्त्याच्या कडेला उभं होतं. बलबीर हात गळ्यात बांधून आला होता.

१०१० ला ऑल-वेदरचा ट्रक नेला. वळणावर मुद्दाम हलका ब्रेक दाबला, म्हणजे दोन्ही टायरची पकड सारखीच तपासली जाईल. गाडी स्वतःच्या लांबीएवढी सरकली आणि थांबली.

१०२५ ला क्रॉस-कंट्रीचा नेला. तोच वेग, तेवढाच ब्रेक. गाडीचा मागचा भाग दरीकडे वळला आणि सरकतच राहिला. दोर ताणला गेला तेव्हा मागचं चाक कडेपासून हातभर आत होतं.

मी उतरलो. मेजर साहेबांनी हातमोजा काढून टायरमध्ये नख दाबून पाहिलं.

"तुम समझते हो तुमने किसके खिलाफ साबित किया?"

"हो साहेब."

निष्कर्ष बदलला. मला ताकीद मिळाली आणि यादीतून माझं नाव गेलं. हवालदार म्हणूनच मी निवृत्त झालो. बोरीत भाऊबंद अजून विचारतात, मेलेल्या माणसासाठी हातची बढती का घालवली, आणि तीही पालमच्या त्या घरासाठी. 'त्या' वर ते जरा थांबतात. मी त्यांना सांगतो, पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालवीन. मग ते विषय बदलू पाहतात. मी बदलू देत नाही.

पुढच्या सुट्टीत निष्कर्षाची प्रत घेऊन पालमला गेलो. बाजाराचा दिवस होता. किसनरावांनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "हितं नगं. चला."

ते मला त्याच हॉटेलवर घेऊन आले. बाकडी भरलेली होती. पट्टी वाचणारा माणूसही होता.

"वाचा," किसनराव म्हणाले. "मोठ्यानं."

मी वाचलं. कागद इंग्रजीत होता. कोणीतरी मागून म्हणालं, "आमाला काय कळंना बुवा."

मग मी मराठीत सांगितलं. "मिलिंद खंदारे गाडी हळू आणि बरोबर चालवत होता. बरोबरच्या माणसाला त्यानं वाचवलं. चुकीचे टायर बसवले होते. ते बसवू नका, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. ज्यानं ऐकलं नाही तो बोरीचा चौधरी. तो मी."

हॉटेलवाल्यानं स्टोव्ह बंद केला. पट्टी वाचणारा माणूस चपला शोधू लागला.

"बसा की, पाटील," किसनराव त्याला म्हणाले. "घाई काय हाय? त्या दिशी तुमी बोलला, आमी ऐकलं. आता तुमी ऐका."

तो बसला.

समोर गंगाखेडची एसटी येऊन थांबली. दारातून माणसं उतरू लागली. किसनरावांनी तिकडे पाहिलं आणि माझ्या कोपराला हात लावला.

"लोक उतरायलेत. परत एकदा वाचा. पयल्यापासून."

मी बाकड्यावर उभा राहिलो आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पहिल्या ओळीत फक्त नाव होतं. सिपाही, ड्रायव्हर, मिलिंद किसन खंदारे, राहणार पालम, जिल्हा परभणी.