एको काढल्यावर

भोंगा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण साउंडच्या धंद्यात केस पांढरे झाले, लग्नातला नाच असो की गवयाची बैठक, स्टेजच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडून बोलायची सवय जडली, आणि सगळ्यांनी मिळून त्याचं हे बारसं केलं. त्यालाही ते आवडायचं. आवाज हाच त्याचा संसार होता.

त्या संसारात मौनीबाबा घुसले.

हे नाव मात्र भोंग्याने ठेवलेलं. शाळेच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी आत्मविकासाचं शिबिर घेणारा हा गृहस्थ मौनाच्या महतीवर दोन-दोन तास बोलायचा. मग दुसरं काय म्हणणार? बोलून झालं की सगळ्यांना थोडा वेळ गप्प बसवायचा आणि मग गायचा. गाण्याआधी मिक्सरजवळ येऊन हळूच सांगायचा, "एको जरा सढळ हाताने सोडा. लोकांना गुहेत बसल्यासारखं वाटलं पाहिजे." भोंगा सोडायचा. घोगरा, सुराशी फारकत घेतलेला तो आवाज एका बटणासरशी दरीतून घुमत आल्यासारखा व्हायचा आणि समोर सतरंज्यांवर लोक डोळे पुसायला लागायचे.

इथवर भोंग्याची तक्रार नव्हती. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. पण एके संध्याकाळी बाबांनी संगीताच्या पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खाली नाचाचं संगीत, ते देहाचं. त्याच्यावर सिनेमाची गाणी, ती मनाची. मग रागदारी, ती बुद्धीची. आणि सगळ्यात वर, अर्थातच, बाबा स्वतः गातात ते. ते आत्म्याचं. "खालच्या पायरीवर जो रमला, त्याचा विकास खुंटला," असं म्हणून बाबा प्रसन्न हसले.

भोंग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तुझ्या चारही पायऱ्या या एकाच मिक्सरमधून जातात! नाचाच्या गाण्याचा बेस कानाला नव्हे, छातीला कळावा लागतो. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले दोन भाऊ त्या बेसवर डोळे मिटून एकत्र नाचताना भोंग्याने पाहिले होते. ते काय फक्त देहाचं होतं? सिनेमाच्या गाण्यात शब्द पुढे, बाकी सगळी मंडळी मागे. आणि गवयाच्या बैठकीत तर साउंडवाल्याने असून नसल्यासारखं राहायचं. एका म्हाताऱ्या गवयाने त्याला बजावलं होतं, "माझा श्वाससुद्धा जाऊ दे बाहेर, झाकू नकोस." ज्याचा त्याचा धर्म वेगळा. त्यात वरचा-खालचा कसला आलाय? आणि हे शिकवतंय कोण, तर ज्याला साधा 'सा' लावायला बटण लागतं तो! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्यात लोकांची नवी कटकट. आवाज सुईसारखा कानात घुसतो म्हणे. भोंग्याला तर तो वरचा, बारीक आवाज पुरेसा वाटतच नव्हता. त्याने वरच्या आवाजाचे छोटे कर्णे बदलून पाहिले, बनवणाऱ्या कंपनीचा उद्धार केला आणि बटण अजून थोडं चढवलं. हल्ली लोकांना ऐकताच येत नाही, असं तो ज्याला त्याला सांगायचा.

पण खरं दुखणं घरात होतं. त्याची बायको शिबिरात पहिल्या रांगेत बसायची. बालवाडीत बाई होती ती, दिवसभर पोरांचा कलकलाट सोसून यायची, आणि पूर्वी घरी आली की नवऱ्याशी कडाकडा भांडायची. शिबिराला जायला लागल्यापासून भांडणं संपली. भोंगा ओरडला की ती नुसती बघायची. टीव्ही बंद करून खिडकीशी बसायची. भांडणारी बायको परवडली, ही गप्प बसणारी बाई कोण, असं त्याला व्हायचं. आता तर डोंगरावरच्या बाबांच्या केंद्रात जाऊन वर्षभर राहायचं तिच्या मनात होतं. समारोपाच्या दिवशी, गाणं संपल्यावर, जे जाणार त्यांनी उभं राहायचं होतं.

'थांब म्हणावं,' भोंग्याने ठरवलं. 'गाण्याला तोंड फुटलं की एको काढतो. ऐकू दे तिला तिच्या गुरूचा उघडा आवाज. उभी राहते का बघू!'

आणि त्याने तसंच केलं. बाबांनी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि भोंग्याने बटण शून्यावर आणलं. गुहा गेली, दरी गेली. उरला एक म्हातारा होत चाललेला, दम लागलेला माणूस. दुसऱ्याच ओळीला त्याचा आवाज फाटला. बाबांनी चमकून मिक्सरकडे पाहिलं. भोंग्याने छताकडे.

पण लोक? लोक रडतच होते! सूर फाटला तसे दोघेचौघे जास्तच रडायला लागले. भोंग्याचा संताप अनावर झाला. याला काय म्हणायचं? ढळढळीत बेसूर समोर आहे आणि यांना दिसत नाही! गाणं संपलं. बाबा उपरणं सावरत पाणी प्यायला गेले, तेवढ्यात तो तरातरा पहिल्या रांगेपाशी पोचला.

"ऐकलंस ना? ऐकलंस ना खरा आवाज?"

"पहिल्या दिवसापासून ऐकतेय," बायको म्हणाली. "बेसूरच गातात ते. मी काय बहिरी आहे?"

"मग कशाला येतेस इथे?"

"गाण्याच्या आधी सगळे गप्प बसतात ना, त्याच्यासाठी. तेवढा वेळ माझ्यावर कुणी ओरडत नाही."

"मी कुठे ओरडतो?" भोंगा ओरडला. अर्धा हॉल वळून बघू लागला.

तिने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही. किती दिवस झाले, डॉक्टरला कान दाखवा म्हणतेय, तर उडवून लावता. कर्णे बदलता, कंपनीला शिव्या देता. ऐकू येईना आणि कर्णे वाकडे! पोरांच्या किलबिलाटातून येते मी, मला घरात कुजबुजत बोलणारं माणूस हवंय हो."

भोंग्याने हात हिसडून सोडवून घेतला. बहिऱ्या साउंडवाल्याला कोण बोलावणार? कान दाखवायचे म्हणजे मिक्सरवरून हात काढायचा, नावासकट सगळं सोडून द्यायचं. हिला कळतंय का ही काय मागतेय? आणि हे सगळं त्या बेसुऱ्या बाबाच्या हॉलमध्ये बसून!

स्टेजवरून बाबांनी हाक दिली. जे डोंगरावर येणार आहेत त्यांनी उभं राहावं. सतरंज्यांवर हालचाल, गलका सुरू झाला. एक उठला, मग दोघी. बायकोने पदर सावरला आणि त्याच्याकडे बघत ओठ हलवले.

"काय म्हणालीस?"

तिने पुन्हा ओठ हलवले. ती मुद्दाम हळू बोलत नव्हती, हे त्याला तिच्या गळ्याच्या ताणलेल्या शिरेवरून कळलं. बाकी काही कळलं नाही.

ती गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. भोंग्याने तिचं मनगट पकडलं, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी जाऊ डॉक्टरकडे." इतक्या हळू म्हणाला, की ते तिला ऐकू गेलं, त्याला स्वतःला नाही.