खोटं बोलण्याइतकं इंग्रजी

त्या प्रकरणाचे कागद आठवड्यात बंद झाले, माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. मी तेव्हा कोथरूडला फौजदार होतो. आयटी कंपन्यांचे दिवस होते. विदर्भातून मुलं यायची, एका खोलीत चौघं राहायची आणि घरी कळवायची, नोकरी लागली. बेपत्तांच्या तक्रारींना मी कंटाळलो होतो.

एका सकाळी असाच एक बाप ठाण्यात येऊन बसला. त्याचा इंजिनिअर मुलगा खोलीवर नव्हता. कंपनीत चौकशी केली, तर त्या नावाचं कोणी नाही. त्याची मोटारसायकल खोलीतल्या जोडीदाराकडे मिळाली. ‘वापरायला देऊन गेला’, एवढंच तो सांगत होता. मुलाचा घात झाला असं बापाला वाटू लागलं, आणि मलाही. जोडीदाराला आम्ही ठाण्यात बसवून ठेवलं.

मग कोपऱ्यावरच्या पानवाल्याने खबर दिली, की मुलगा संध्याकाळी बुधवार पेठेत इंग्रजी संभाषणाच्या क्लासला जायचा. तिथे जोड्या लावत. एकाने स्वतःबद्दल सांगायचं, दुसऱ्याने उभं राहून ‘तो असं म्हणाला’ म्हणून ते वर्गाला इंग्रजीत सांगायचं. सर क्रियापदांचे काळ सुधारत. क्लासातला मुलाचा जोडीदार रेडिओच्या दुकानातला एक प्रौढ विक्रेता होता. माझ्यापुढेही तो काळ जुळवत इंग्रजीतच सुरू झाला. म्हटलं, मराठीत सांगा.

“तो म्हणाला, नोकरी लागलीच नाही. खडकीत खानावळीत वाढप्याचं काम करतो. आता तिथेच राहायला जाणार, वडिलांना तोंड दाखवणार नाही.”

“हे वर्गासमोर सांगितलंत?”

“हो. सरांनी माझ्या ‘विल’चं ‘वुड’ केलं आणि पुढची जोडी उभी केली.”

“तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही?”

“अहो साहेब, खोटं बोलण्याइतकं इंग्रजी तिथे येतंय कोणाला?”

दुपारी मुलाला खडकीहून आणलं आणि खोलीतल्या जोडीदाराला सोडलं. बाप-लेक माझ्या टेबलापुढे बसले, एकमेकांकडे न बघता.

“साहेब, त्याले इचारा, मले काऊन नाही सांगितलं?”

“बाबांना सांगा, प्रत्येक फोनवर सांगणार होतो. ते आधीच म्हणायचे, कंपनीत बरं चाललंय ना.”

इकडचं तिकडे नेऊन मी थकलो. “आता तुमचं तुम्ही बोला,” म्हणालो. दोघंही गप्प झाले.

गुन्हेगाराला बोलतं कसं करायचं ते खात्याने शिकवलं होतं. घरातली माणसं परक्याजवळ बोलतात आणि आपल्या माणसासमोर मुकी होतात, हे मला त्या दुपारी कळलं. त्यावर इलाज मला आजही माहीत नाही.

मग बाप पुन्हा मलाच म्हणाला, “साहेब, त्याले सांगा, माय वाट पाह्यते.”

मुलगा दोन हातांवरच बसला होता, त्याने ऐकलंच होतं. तरी मी त्याच्याकडे वळून सांगितलं, “आई वाट बघतेय.” तेव्हा तो उठला.